नवा शेणभुंगा सापडलाय? नाव देण्याआधी करायची कामं

पहिला दमदार पाऊस झाला की इंदूरजवळच्या चोरल, मानपूर, जानापावच्या बाजूला दिव्याभोवती भुंग्यांची झुंबड उडते. त्यातला एखादा कुठल्याच पुस्तकात बसत नाही आणि वाटतं, ही नवी जात असावी. असू शकते. स्कॅरॅब कुळात, म्हणजे शेणभुंगे, हुमणीचे भुंगेरे, गेंडा भुंगे यांच्या कुळात, सुमारे ३०,००० जातींची नोंद आहे आणि आपल्या भागात बारकाईनं पाहणारे लोक अजून थोडेच आहेत. पण नवी जात सिद्ध होते ती तुलनेतून. आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक जवळच्या जातीपेक्षा आपला भुंगा वेगळा कसा, हे दाखवता आलं पाहिजे. या कामातला सर्वात जास्त वेळ तिथंच जातो आणि बहुतेक चुकाही तिथंच होतात.

हा लेख इंदूर परिसरात काम करणाऱ्या नवख्यांसाठी आहे: एमएस्सीचे विद्यार्थी, शिक्षक, हौशी निरीक्षक. उदाहरणं मुख्यतः ऑन्थोफॅगस या शेणभुंग्यांच्या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) घेतली आहेत, कारण आपल्याकडे नवख्याच्या हाती बहुधा हेच लागतात.

हाताशी काय हवं

कागदपत्रं: वनविभागाची लेखी परवानगी, खासगी शेत असेल तर मालकाची संमती, रोजच्या नोंदींची वही आणि नमुने जमा करणाऱ्या संस्थेचं संमतिपत्र.

साहित्य: किमान ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप, डोळ्याच्या भिंगात बसणारी मोजपट्टी, २ आणि ३ क्रमांकाच्या ३८ मिलिमीटर लांबीच्या स्टीलच्या कीटकसुया, बारीक टोकाचे दोन चिमटे, इथाइल ॲसिटेट, ९५ टक्के इथेनॉल, कॉस्टिक पोटॅश, ग्लिसरीन, सूक्ष्म कुप्या आणि घट्ट झाकणाची पेटी. रसायनं आणि काचसामान दवा बाजारात विचारा. प्लास्टिकचे डबे, मलमल, सुतळी सियागंजमध्ये मिळून जातील. कीटकसुया मात्र कीटकशास्त्राचं साहित्य विकणाऱ्यांकडूनच मागवा. शिवणकामाच्या टाचण्या जाड असतात, आखूड असतात आणि गंजतात.

१. आधी परवानगी

रालामंडल हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायलाही परवानगी लागते आणि तिथून प्राणी उचलायला तर लागतेच. किडा आहे म्हणून सूट नाही. राखीव जंगलातही वनविभागाला विचारल्याशिवाय सापळे लावू नका. अर्जात जागा, कालावधी, पद्धत आणि साधारण किती नमुने घेणार ते लिहा. पावसाळ्यात काम करायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा, कारण जूनमध्ये केलेल्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत हंगाम संपलेला असतो.

परवानगीचा क्रमांक पुढे शोधनिबंधात द्यावा लागतो. तो नसेल तर चांगली नियतकालिकं हस्तलिखित परत पाठवतात, मग भुंगा कितीही अनोखा असो.

२. एक नमुना पुरत नाही

एका भुंग्यावर नवी जात वर्णन करायला नियमांची आडकाठी नाही, पण ऑन्थोफॅगसमध्ये ते धोक्याचं आहे. एकाच जातीत मोठ्या नराला लांब शिंग असतं, छोट्या नराला नुसता उंचवटा असतो आणि मादीला आडवी कड. तिघं वेगवेगळ्या जातींचे वाटतात. शिवाय जुन्या भुंग्याच्या पुढच्या नडगीवरचे दात माती उकरून बोथट होतात आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या भुंग्याचा रंग फिका असतो. या फरकांवरून जाती ठरवल्यामुळे झालेले घोळ आजही निस्तरले जातात. म्हणून लहान-मोठे नर आणि माद्या मिळून १० ते २० नमुने मिळेपर्यंत थांबा.

शेणाचा सापळा असा लावा. तोंडाला १०-१५ सेंटिमीटर रुंद असा एक लिटरचा कडक डबा जमिनीत पुरा. त्यात दोन बोटं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. साधारण १०० ग्रॅम ताजं शेण मलमलीत बांधून काडीवरून डब्याच्या तोंडावर लटकवा आणि वर पावसासाठी ताटली आडवी बसवा. दोन सापळ्यांत किमान ५० मीटर अंतर ठेवा आणि २४ तासांनी रिकामे करा. ४८ तासांच्या पुढे ठेवले तर भुंगे सडतात आणि सांधे सुटतात.

माळव्याच्या काळ्या मातीत दोन अडचणी हमखास येतात. ती भिजली की फुगते आणि पातळ प्लास्टिकचा कप चेपून टाकते, म्हणून डबा कडकच हवा. दुसरं म्हणजे सरीचं पाणी जमिनीवरून सरपटत येतं आणि डबा भरून वाहतो. डब्याभोवती मातीचा हलका उतार करा आणि वरच्या अंगाला बोटभर खोल चर काढा.

सापळ्याखेरीज शेणाचा ताजा पोह उचलून पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडा. शेण विरघळतं आणि भुंगे वर तरंगतात. पोहाखालची माती ३० सेंटिमीटरपर्यंत खणा, कारण बोगद्यात नर-मादीची जोडी एकत्र सापडते आणि कुठली मादी कुठल्या नराची हा प्रश्न तिथंच सुटतो. दिव्यावर येणाऱ्यांसाठी पांढरी चादर आणि अतिनील दिवा पुरे. अंधार पडल्यापासूनचे पहिले दोन तास सर्वात चांगले.

मारण्यासाठी इथाइल ॲसिटेटची वाफ वापरा, त्यात सांधे मऊ राहतात. पण त्या वाफेनं डीएनए खराब होतो. तेव्हा दोन-तीन नमुने थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकून फ्रीजरमध्ये ठेवा.

३. धुणं, टोचणं, लेबल

शेणभुंगा आधी धुवा. कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश. पाठीवरचे बारीक खळगे आणि केस ही ओळखीची मुख्य लक्षणं आहेत आणि वाळलेलं शेण नेमकं तेच बुजवतं. "पाठ गुळगुळीत" असं लिहिलेलं लक्षण धुतल्यावर खोटं ठरल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

सुई उजव्या कडक पंखाच्या पुढच्या भागातून घाला, अशी की खाली ती मधल्या आणि मागच्या पायाच्या मधून निघेल. डावी बाजू अखंड राहते आणि वर्णन तिच्यावरून करता येतं. ८ मिलिमीटरपेक्षा लहान भुंगे टोचू नका, कार्डाच्या त्रिकोणी टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकानं चिकटवा.

लेबलाविना नमुना विज्ञानाच्या कामाचा नाही. त्यावर देश, राज्य, जिल्हा, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. लेबल रोमन लिपीत छापतात, मजकूर असा असतो: "भारत, मध्य प्रदेश, इंदूर जिल्हा, चोरल गावाच्या उत्तरेस २ किमी, सागाचं जंगल, गाईच्या शेणाचा सापळा". महिना रोमन अंकांत घाला, म्हणजे ५ जुलै की ७ मे असा वाद उरत नाही. नुसतं "इंदूर" लिहिलं तर शंभर वर्षांनी येणाऱ्याला ते काही सांगत नाही. अक्षांश-रेखांश गाडी लावली तिथले नकोत, सापळ्याचे हवेत.

पावसाळी हवेत पेटीत बुरशी धरते आणि संग्रह खाणारे छोटे किडे शिरतात. नवे नमुने पूर्ण वाळवून, पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा आणि मगच पेटीत घाला.

४. नराचं जननांग काढणं

ऑन्थोफॅगसच्या कित्येक जाती बाहेरून जुळ्या दिसतात. फरक आत असतो, म्हणून ही पायरी टाळता येत नाही.

वाळलेला भुंगा गरम पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवा. पोट चिमट्यानं हलकं दाबून पाहा. शेवटची पाटी, म्हणजे पायजिडियम, सहज हलू लागली की तो तयार झाला. डाव्या हाताच्या चिमट्यानं भुंगा उताणा धरा. उजव्या हातात टोक वाकवून आकडा केलेली बारीक सुई घ्या. पायजिडियम आणि पोटाच्या शेवटच्या खंडाच्या फटीतून ती आडवी सरकवा, आत तपकिरी कडक नळी लागेल, तिच्यामागे आकडा अडकवून सावकाश ओढा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा पाच मिनिटं गरम पाण्यात सोडा. जोरानं ओढलं की नळीच्या टोकाच्या दोन पाकळ्या, म्हणजे पॅरामिअर, तुटतात आणि नमुन्यातलं सर्वात मोलाचं जातं.

नळी १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात घालून कुपी गरम पाण्यात ५-१० मिनिटं ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं. स्नायू विरघळले की बाहेर काढून व्हिनेगरच्या पाण्यात एकदा बुडवा आणि साध्या पाण्यात धुवा. आता नळीच्या आतली पातळ पिशवी बाहेर ओढा. तिच्यात एक छोटी कडक पट्टी सापडते, तिला लॅमेला कॉप्युलॅट्रिक्स म्हणतात. तिची वळणं आणि टोकं जातीगणिक बदलतात, आणि जिथं पॅरामिअर सारखे दिसतात तिथं निकाल बहुधा हीच देते. पोटॅशमध्ये जास्त वेळ राहिली तर पट्टी फिकी होते आणि कडा दिसेनाशा होतात, म्हणून दर दोन मिनिटांनी पाहत राहा.

सगळे भाग ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत घालून त्याच सुईला भुंग्याखाली टोचा. वेगळ्या डबीत ठेवलेलं जननांग कोणत्या भुंग्याचं होतं हे नंतर सांगता येत नाही. किमान तीन नरांचं काढा, एकात दिसलेली विकृती जातीचं लक्षण म्हणून छापली जाऊ नये.

५. जुन्या नावांशी पडताळणी

प्राण्यांच्या नावांची सुरुवात लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. त्यानंतर दिलेलं प्रत्येक वैध नाव आपल्या वाटेत येतं. भारतीय भुंग्यांसाठी पहिला थांबा म्हणजे गिल्बर्ट ॲरो यांचे "फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया" मालिकेतले खंड: १९१० चा सिटोनिनी आणि डायनॅस्टिनी या उपकुळांवर, १९१७ चा रुटेलिनी उपकुळावर, १९३१ चा शेणभुंग्यांवर. स्कॅन केलेल्या प्रती बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत शोधा, जुन्या मूळ वर्णनांचा मोठा साठा तिथं फुकट आहे. हुमणीच्या मेलोलोन्थिनी गटावर ॲरो यांचा खंड नाही, तिथं विखुरलेले निबंधच गोळा करावे लागतात. शेणभुंग्यांसाठी बाल्थासार यांचे १९६३-६४ चे जर्मन खंडही पाहावे लागतात.

यात चार खड्डे आहेत.

पहिला खड्डा ओळख-किल्लीचा, म्हणजे लक्षणांच्या जोड्यांतून निवड करत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्याचा. किल्ली प्रत्येक भुंग्याला कुठल्या ना कुठल्या नावापाशी नेऊन सोडतेच. नाव आलं म्हणून ते बरोबर असं नाही आणि किल्लीत बसलं नाही म्हणून जात नवी असंही नाही. १९३१ नंतर वर्णन झालेल्या जाती त्या किल्लीत असणारच नाहीत. श्रीलंका, म्यानमार, पाकिस्तान, नेपाळमधून वर्णन झालेल्या जातीही तपासा. भुंगे सीमा पाहून उडत नाहीत.

दुसरा आणि सर्वात महाग खड्डा म्हणजे समानार्थी नावं. एखादं जुनं नाव कुणीतरी दुसऱ्या जातीत विलीन केलेलं असतं. तुमचा भुंगा त्या विलीन नावाच्या मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्यावरून ते नाव दिलं त्या भुंग्याशी, जुळला, तर नवं नाव देता येत नाही. ते जुनं नावच पुन्हा वापरात आणावं लागतं. म्हणून प्रत्येक जवळच्या जातीची सगळी समानार्थी नावं लिहून काढा आणि प्रत्येकाचं मूळ वर्णन वाचा.

तिसरा खड्डा: मूळ वर्णनं. अठराव्या शतकातला कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यानं हॉलोट्रिकिया सेराटाचं, म्हणजे ऊसवाल्यांना चांगल्याच ठाऊक असलेल्या हुमणीचं, वर्णन १७८१ मध्ये केलं. त्या काळची वर्णनं दोन-तीन ओळींच्या लॅटिनची असतात आणि ठिकाण बऱ्याचदा नुसतं "भारत". अशा वर्णनात चार जाती बसू शकतात. मग मूळ नमुना पाहणं हाच उपाय उरतो. फॅब्रिशियसचे बरेच नमुने कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत, ॲरोचे मुख्यतः लंडनला, इतर अनेकांचे पॅरिस आणि बर्लिनला.

संग्रहपालाला लिहिताना मोघम मागणी करू नका. कोणत्या नावाचा मूळ नमुना, कोणत्या बाजूंनी फोटो, लेबलांचा फोटो, आणि जननांग आधीच काढलेलं असेल तर त्याचाही, असं मुद्देसूद लिहा. सोबत आपल्या भुंग्याचे दोन चांगले फोटो जोडा. उत्तराला महिने लागू शकतात. तोवर नाव ठरवण्यात वेळ घालवू नका.

चौथा खड्डा समनामांचा. ऑन्थोफॅगसमध्ये २,००० हून अधिक जाती आहेत. तुमच्या मनातलं नाव त्याच प्रजातीत आफ्रिकेतल्या एखाद्या भुंग्याला आधीच दिलेलं असेल तर तुमचं नाव बाद होतं.

पडताळणीचा तक्ता वहीत करा. डावीकडे जवळच्या जाती, वर लक्षणं: क्लिपियसची, म्हणजे डोक्याच्या पुढच्या पाटीची, पुढची कड, शिंगाचं मूळ आणि वळण, छातीवरच्या ढालीचे खळगे, पंखांवरच्या रेषांमधले केस, पायजिडियम, पॅरामिअर, लॅमेला. प्रत्येक ओळीत किमान दोन पक्के फरक सापडले नाहीत तर थांबा. रंग आणि लांबी हे फरक मोजू नका.

६. डीएनए

मदतीला चांगला, एकटा पुरेसा नाही. उजवा मधला पाय पुरतो. सीओआय या, जाती ओळखायला वापरतात त्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घेतात. सार्वजनिक साठ्यात जुळणारा क्रम मिळाला नाही याचा अर्थ बहुधा एवढाच की भारतातल्या भुंग्यांचे क्रम तिथं फार थोडे आहेत. आणि जुळला तरी त्या क्रमावरचं नाव कुणी चुकीचं लावलेलं असू शकतं.

७. होलोटाइप

नाव कायमचं एका नमुन्याला बांधलेलं असतं, तो होलोटाइप. सर्व पाय, मिशा आणि जननांग शाबूत असलेला मोठा नर निवडा. डीएनएसाठी पाय काढलेला नको. त्याला लाल लेबल लावा. मालिकेतले बाकीचे पॅराटाइप. ज्यांच्याबद्दल किंचितही शंका आहे ते पॅराटाइपमध्ये घालू नका, तपासलेलं इतर साहित्य म्हणून वेगळे नोंदवा.

होलोटाइप घरी किंवा कॉलेजच्या कपाटात ठेवायचा नसतो. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथं जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था आहे. हस्तलिखित पाठवण्याआधीच नोंदणी क्रमांक मागून घ्या. नमुने परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, कुरियरच्या पाकिटात घालून देऊन चालत नाही.

८. नाव

जातीचं नाव लॅटिन वर्णमालेत, लहान अक्षरानं सुरू होणारं, खुणांशिवाय. विशेषण असेल तर प्रजातीच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो: ऑन्थोफॅगस पुल्लिंगी, हॉलोट्रिकिया स्त्रीलिंगी. म्हणजे "काळा" म्हणायचं तर एकीकडे नायजर, दुसरीकडे नायग्रा. ठिकाणावरून नाव घेतलं तर "-एन्सिस" लावतात आणि ते दोन्ही लिंगांना चालतं. पुरुषाच्या नावाला "-आय", स्त्रीच्या नावाला "-ए". अहिल्याबाईंचा सन्मान करायचा असेल आणि शेवटी "-आय" लावला, तर ती चूक छापली जाते आणि नंतरच्यांना दुरुस्त करावी लागते. स्वतःचं नाव देऊ नये. नियमात बंदी नसली तरी शिष्टसंमत नाही.

छापून येण्याआधी नाव वर्तमानपत्रात, पोस्टरवर किंवा समाजमाध्यमांवर टाकू नका. वर्णनाशिवाय फिरलेलं नाव वैध तर नसतंच, वर गोंधळ करतं.

९. लेखन आणि चित्रं

क्रम ठरलेला आहे: तपासलेले नमुने, निदान, वर्णन, जवळच्या जातींशी तुलना, नावाचं मूळ, आढळ, अधिवास. यात निदान हा गाभा. ते पाच-सहा ओळींचं असावं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या जातीपासून वेगळं करणारं असावं. "शिंग मोठं, शरीर चमकदार" हे निदान नव्हे. "शिंग डोक्याच्या मागच्या कडेतून निघतं, टोकाकडे पुढे वळतं, जवळच्या जातीत ते डोळ्यांच्या मधून निघतं आणि सरळ असतं" असं लिहा. लांबी कुठून कुठपर्यंत मोजली ते सांगा, किती नमुने मोजले तेही.

फोटोसाठी वेगवेगळ्या फोकसचे २०-६० फोटो जोडून एक करतात. भुंग्याची पाठ आरशासारखी चमकते, म्हणून दिवा आणि भुंगा यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपरचं नळकांडं ठेवा. प्रत्येक चित्रात मोजपट्टी हवीच. भिंगाची क्षमता बदलली की ती नव्यानं काढायची, इथं चुका फार होतात.

१०. प्रकाशन

आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नवीन जात म्हणून स्पष्ट उल्लेख, होलोटाइपची निश्चिती आणि तो जिथं ठेवला त्या संग्रहाचं नाव लेखात असणं आवश्यक. २०१२ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही चालतं, पण लेख आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवलेला असला पाहिजे आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला असला पाहिजे. तो राहिला तर नाव उपलब्धच होत नाही, पुन्हा सगळं छापावं लागतं. झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही ओळखीची नियतकालिकं. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्यांपासून लांब राहा. तिथं परीक्षण होत नाही आणि चुकीचं नाव एकदा छापलं की यादीतून निघत नाही.

११. नमुने पोचवणं

शक्यतो हातानं न्या. सुया पेटीच्या तळात घट्ट रोवा. मोठ्या भुंग्याच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या सुया टोचा, नाहीतर हादऱ्यानं तो स्वतःभोवती फिरतो आणि शेजाऱ्याचे पाय तोडतो. सूक्ष्म कुप्यांची बुचं तपासा, ग्लिसरीन गळलं की लेबलं तेलकट होतात. ही पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर मऊ भरण घालून ठेवा. इंदूरहून हावड्याला क्षिप्रा एक्सप्रेस जाते. खोका बर्थखाली सरकवू नका, तिथं डब्याचा सगळा धक्का बसतो. उशाशी, कपड्यांच्या पिशवीवर ठेवा. जमा केल्याची पोच नोंदणी क्रमांकासह तिथंच लिहून घ्या आणि क्रमांक लेखातल्या क्रमांकाशी पडताळूनच बाहेर पडा.